काळतोंडी कधी नव्हतीच

काळतोंडी गुरुवारी सकाळी मेली.

तसं काही झालेलं नाही. कंपनीनं लेखी कळवलंय की काळतोंडी नावाचा सर्व्हर त्यांच्याकडं कधी नव्हताच, त्यामुळं तो मरण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अणदूरच्या वर्षाराणीचंही म्हणणं असं की काळतोंडी मेलेली नाही. कंपनी आणि वर्षाराणी यांचं आजवर ज्या एका गोष्टीवर एकमत झालं, ती ही. तेव्हा आपणही ते पहिलं वाक्य वाचलंच नाही असं धरू आणि नीट सुरुवात करू.

वर्षाराणी अणदूरला आईवडिलांच्या घरात राहते आणि तिथूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. कंपनीचं नाव भावबोल. कळंबपासून उमरग्यापर्यंत कुठल्या बाजारात तूर काय भावानं गेली, हरभरा काय भावानं गेला, हे लोकांच्या फोनवर पोचवायचं, हा तिचा धंदा. त्यासाठी लागणारे सर्व्हर कंपनीच्या मालकीचे नाहीत. ते क्लाउडवर आहेत, म्हणजे मुंबईत कुणा दुसऱ्याच्या मोठ्या गोठ्यात भाड्यानं बांधलेत. गिऱ्हाईक वाढलं की चार जास्त बांधायचे, कमी झालं की सोडून द्यायचे. ही बांधासोड माणसानं करायची नाही, ती पाइपलाइन करते. कुणी नवा कोड लिहिला की पाइपलाइन तो तपासते, साच्यातून नवे सर्व्हर काढते, त्यांच्यावर तो कोड चढवते आणि जुने सर्व्हर मारून टाकते. मध्ये फक्त दोन अंगठे लागतात. ज्याच्या ताब्यात तो भाग आहे त्याचा एक, आणि साहेबांचा, म्हणजे रणधीर सरांचा एक. दोघांनी फोनवर 'मंजूर' दाबलं की पुढचं सगळं आपोआप. या पाइपलाइनीची राखण वर्षाराणीकडं आहे.

गावात हे कुणाला सांगून पटलेलं नाही. पोरगी पाइपलाइनवर आहे म्हटल्यावर गावानं तिला पाणीपुरवठ्यात टाकलं. वरच्या आळीला पाणी चढत नाही ही तक्रार घेऊन शेजारच्या प्रेमाबाई अजूनही येऊन बसतात आणि वर्षाराणी ती नोंदवून घेते. एकदा पाणी खरंच चढलं. तेव्हापासून समजावण्यात अर्थ उरला नाही.

नोकरी लागली तेव्हा पुण्यात प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला आलेल्या माणसानं पडद्यावर एका बाजूला मांजर दाखवलं, दुसऱ्या बाजूला कळप दाखवला आणि म्हणाला, "सर्व्हरला घरातल्या मांजरासारखं वागवायचं नाही. कळपातल्या जनावरासारखं वागवायचं. लक्षात आलं?"

सगळ्यांच्या लक्षात आलं. बाकीच्यांच्या लक्षात आलं ते असं, की सर्व्हरला नाव द्यायचं नाही, नंबर द्यायचा, आणि आजारी पडला की मारून दुसरा आणायचा. वर्षाराणीच्या घरी मात्र मेंढरं. तिच्या वडिलांना, कोंडीरामला, कळपातलं एकूण एक तोंड ओळखू येतं. त्यात एक बांडी आहे, एक मुकी आहे, एक तहसीलदारीण आहे, कारण ती कधी जागेवर सापडत नाही. मेंढरू लंगडायला लागलं तर कोंडीराम त्याला खांद्यावर टाकून पुढच्या मुक्कामापर्यंत चालतो. मांजराला त्या घरात कुणी कधी नाव दिलं नाही. ते येतं, दूध सांडतं, जातं. तेव्हा वर्षाराणीनं इतरांबरोबर मान डोलावली, जागेवर आली आणि आपल्या ताब्यातल्या पहिल्या सर्व्हरचं नाव ठेवलं काळतोंडी. घरच्या सगळ्यात शहाण्या मेंढीचं ते नाव.

काळतोंडी पाइपलाइनीच्या आधीची, हातानं वाढवलेली. चहाच्या वेळेला तिची मेमरी फुगायची, वर्षाराणी तिला हळूच मोकळी करायची. कुठं काय दुखतं, कुठं कसली पट्टी बांधलीय, हे एकट्या वर्षाराणीला माहीत होतं, आणि त्यातलं अर्धं तिलाही माहीत नव्हतं.

काळतोंडीचं काम होतं बटणाच्या फोनवर बोलायचं. ज्यांच्याकडं ॲप चालत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ती दुपारी लिलाव उरकला की फोन लावायची आणि भाव सांगायची. आवाज होता धुरपदाबाईचा, वर्षाराणीच्या आईचा. आवाज घुमू नये म्हणून डोक्यावरून गोधडी घेऊन धुरपदाबाईनं एका बैठकीत सगळे आकडे, सगळी पिकं आणि सगळी गावं म्हणून दिली होती. गोधडीतून बाहेर आल्यावर ती म्हणाली होती की असा मान तिला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. काळतोंडी ते तुकडे जोडायची: "रामराम. जेवला का? बरं. आज कळंबला तूर…"

कोंडीराम वर्षातले बरेच महिने कळप घेऊन बाहेर असतो. जळकोटच्या माळावर, तिथून पुढं पार कर्नाटकच्या हद्दीपर्यंत. त्याच्याकडं विकायला तूर नाही, हरभरा नाही. तरी दुपारचा फोन तो उभ्यानं, काठीवर रेलून, शेवटच्या आकड्यापर्यंत ऐकतो.

"अप्पा, तुम्हाला कशाला लागतात भाव?" वर्षाराणीनं एकदा विचारलं होतं.

"म्या घरी फोन लावला की तुजी आई भांडती," कोंडीराम म्हणाला होता. "ह्या फोनात भांडत न्हाय. जेवला का म्हनती."

आता रणधीर सर. रणधीर सर कळंबच्या अडत्याचे चिरंजीव. पुण्याला गेल्यापासून ते असं मराठी बोलतात की ऐकणाऱ्याला त्यांचं गावच कळू नये. सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर त्यांचा चेहरा आला आणि म्हणाला, "या गुरुवारी साफसफाई आहे. जो सर्व्हर कोडमध्ये लिहिलेला नाही, तो पाइपलाइन आपोआप काढून टाकेल. हातानं बनवलेलं एकही मशीन शिल्लक नको."

"सर, काळतोंडी?"

"कोण?"

"बटणाच्या फोनचा सर्व्हर."

"त्याचं नाव काळतोंडी आहे?"

"तिचं, सर."

वर्षाराणीच्या मागं परड्यात एक कोकरू ओरडलं.

"हा आवाज कसला येतोय?"

"घरचंच आहे, सर. त्याचा मुद्दा मांडून झाला की गप बसेल."

रणधीर सर पाणी प्यायले. "वर्षा, आता ॲप आहे. बटणाचे फोन किती दिवस राहणार?"

"माझे वडील आहेत तोवर तरी राहतील."

"भावनिक होऊ नकोस. नाव ठेवलंस तिथंच चुकलं. ते एक मशीन आहे."

"सर, आमचा खंडोबा वर्षातले काही दिवस नळदुर्गला मुक्कामाला जातो," वर्षाराणी म्हणाली. "तेव्हा दोन्हीकडचे मानकरी समोरासमोर बसून लेखी करार करतात. कधी नेणार, कधी परत आणणार. देवालासुद्धा आपोआप उचलत नाहीत. काळतोंडीच्या बाबतीत कुणी साधं विचारलंही नाही."

"सर्व्हरला विचारायचं?"

"मला विचारायचं. मी तिची मानकरी आहे."

"हे बघ, नियम सगळ्यांना सारखा. हातानं काही करायचं नाही. जे होईल ते पाइपलाइननं होईल. लिहून घे."

"घेतलं, सर," वर्षाराणी म्हणाली, आणि तिनं खरंच लिहून घेतलं.

ती उठून चुलीपाशी गेली. धुरपदाबाई भाकरी थापत होती.

"काय म्हनतो त्यो कळंबचा?"

"तुझा आवाज बंद करायचाय म्हणतो."

धुरपदाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्याच्या बापाला जमलं न्हाय आन् त्यो करतोय व्हय."

"तू त्यांच्या वडिलांना ओळखतीस?"

"न्हाय. पर ह्ये कुनाच्याच बापाला जमलेलं न्हाय."

मग वर्षाराणीनं कोंडीरामला फोन लावला. वडिलांना सांगायचं म्हणजे जरा जपून सांगावं, असं तिनं ठरवलं होतं.

"अप्पा, काळतोंडी जाणार गुरुवारी."

पलीकडं कोंडीरामनं कळपावरून नजर फिरवली. मग म्हणाला, "हितं तर चरती की माज्यापुढं. चांगली हाय."

"ती न्हाय, अप्पा. मशिनातली. दुपारचा फोन लावती ती."

"असं व्हय." कोंडीरामचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. "मग फोन येनार न्हाय का?"

"न्हाय."

"तसं मला कुठं तूर विकायचीय," कोंडीराम म्हणाला. थोडा वेळ तो मेंढरांना हाका मारत राहिला. मग म्हणाला, "मेंढरू म्हातारं झालं की जायाचंच. कोकरं किती हैत तिची?"

वर्षाराणीनं पडद्यावरची यादी वरखाली केली.

"अगं, कोकरं?"

"एकबी न्हाय, अप्पा."

"मग एवढी वर्सं तिला काय नुसती कुरवाळत बसलीस व्हय?"

वर्षाराणीला राग आला. राग येण्याचं कारण हे की म्हातारा बरोबर बोलत होता आणि त्याला सर्व्हर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. काळतोंडीचं काहीच कुठं लिहिलेलं नव्हतं. ती गेली की पुन्हा तशी बनवता येणार नव्हती. तिची एकही खूण कोडमध्ये नव्हती, म्हणून तर पाइपलाइन तिला बेवारस समजणार होती.

फोन ठेवून वर्षाराणी कामाला बसली. काळतोंडीला वाचवायचा नाद तिनं सोडला. तिचा वाण ठेवायचा.

मंगळवार गेला काळतोंडीला उलगडण्यात. आत काय काय निघालं. तूर आणि तूरडाळ एकच समजू नये म्हणून घातलेली एक अट. रविवारी बाजार बंद असतो हे काळतोंडीला पटवण्यासाठी लिहिलेली एक आर्जवी सूचना. आणि एका कोपऱ्यात वर्षाराणीच्याच हातची ओळ: 'हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये.' तिनं हात लावला नाही, ती ओळ तशीच्या तशी उचलून नव्या कोडमध्ये ठेवली.

आता हे सगळं ठेवायचं कुठं? वेगळा सर्व्हर मागितला तर रणधीर सर पुढच्या साफसफाईत तोही काढणार. एकटं मेंढरू कुणीही उचलून नेतं. म्हणून वर्षाराणीनं ते सरळ साच्यातच घातलं. ज्या साच्यातून कंपनीचा प्रत्येक नवा सर्व्हर निघतो, त्या साच्यात. म्हणजे यापुढं जो जन्माला येईल तो काळतोंडीचाच.

बुधवारी सकाळी तिनं तो बदल पाइपलाइनीत सोडला. पाइपलाइनीनं तपासला आणि परत पाठवला. कारण दिलं, सुरुवातीचं बोलणं फार लांब आहे, ग्राहकाला थेट माहिती द्यावी.

"आई, नुसतं रामराम म्हणून देतीस का? जेवला का काढायचंय."

"का?"

"मशीन म्हणतंय वेळ जातो."

"जेवला का न इचारता भाव सांगायचा?" धुरपदाबाई म्हणाली. "आपन काय दलाल हाव? त्या मशिनीला म्हनावं, तुज्या घरी कुनी इचारत नसंल तर हितं जेवायला ये."

वर्षाराणीपुढं दोन रस्ते होते. आईचं बोलणं बदलायचं किंवा तपासणी बदलायची. तपासणी लगेच बदलून झाली.

राहिले दोन अंगठे. भाग तिचाच होता, तिनं आपला दाबला. दुसरा अंगठा त्या दिवशी कळंबला होता, चुलतभावाच्या लग्नात, जिलबीच्या पाकात. बदलाच्या माथ्यावर वर्षाराणीनं स्वच्छ लिहिलं होतं: 'यापुढे प्रत्येक सर्व्हर धुरपदाबाईंच्या आवाजात बोलेल.' तिनं काही लपवलं नव्हतं. समोरचा वाचत असेल तर लपवायची गरज पडते. पंगतीत मठ्ठा येईपर्यंत रणधीर सरांची मंजुरी आली होती.

गुरुवारी सकाळी पाइपलाइन निघाली. साच्यातून नवे सर्व्हर निघाले, जुने गेले. मग साफसफाई आली, जे जे कोडमध्ये लिहिलेलं नाही ते शोधत. काळतोंडी पडद्यावर शेवटची दिसली तेव्हा तिची मेमरी जरा फुगलेली होती. वर्षाराणीनं तिला मोकळी केली. तसं करण्याचा काही उपयोग नव्हता. मग तिच्या नावाची ओळ पडद्यावरून गेली.

पण ते झालेलंच नाही, हे आपलं ठरलंय.

दुपारी लिलाव उरकले. जळकोटच्या माळावर कोंडीरामचा फोन वाजला.

"रामराम. जेवला का? बरं. आज कळंबला तूर…"

कोंडीरामनं शेवटपर्यंत ऐकलं, फोन खिशात टाकला. तो पुन्हा वाजला. "रामराम. जेवला का?" तो ठेवला, तर परत वाजला. काळतोंडी एकटी होती तेव्हा एकच फोन करायची. आता कळपातलं प्रत्येक कोकरू आपापला फोन लावत होतं, कारण एकानं लावला की दुसऱ्यानं लावायचा नाही, हे वर्षाराणी लिहायला विसरली होती. कोंडीराम प्रत्येकाला उत्तर देत गेला. ऊन कललं तेव्हा त्यानं घरी फोन लावला.

"वर्षा, तुजी आई बरी हाय ना?"

"बरी हाय की. का?"

"आज लई मायेत आली." तो खालच्या आवाजात म्हणाला. "काई झालं असंल तर सांग मला."

त्याच सुमारास पुण्यात रणधीर सर बाहेरून आलेल्या बड्या लोकांना साफसफाई कशी यशस्वी झाली ते सांगत होते. कुठलाही सर्व्हर अडला की पाइपलाइन साहेबांना कळवते. आधी ती टिंग करून निरोप पाठवायची. आता साच्यातच आवाज होता, आणि सर्व्हर अडल्याचे चार शब्दही वर्षाराणीनं आईकडून म्हणून घेतले होते. टेबलावरचा फोन वाजला, रणधीर सरांनी उचलला, तो चुकून स्पीकरवर होता.

"रामराम. जेवला का?"

"व्हय, जेवलो की," रणधीर सर म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

"बरं. दोन नंबर बसलाय."

बडे लोक उठून गेल्यावर त्यांनी अणदूरला फोन लावला.

"हे काय लावलंय?"

"पाइपलाइननं लावलंय, सर. तुमचा अंगठा आहे त्यावर."

"मी वाचलं नव्हतं."

"तसा नियम नाही, सर. दाबायचा नियम आहे."

"काढून टाक. आत्ता."

"काढायलाही दोन अंगठे लागतात. तुमचा आणि ज्याचा भाग त्याचा. भाग माझा आहे."

"मग दाब."

"न्हाय दाबत."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "वर्षाराणी, मी तुला कामावरून काढू शकतो."

"काढा, सर," वर्षाराणी म्हणाली. "फक्त हातानं काढू नका. जे होईल ते पाइपलाइननं होईल, मी लिहून घेतलंय. माझं नाव काढायचं तर माणसांच्या यादीत बदल करावा लागेल. ती यादी पाइपलाइनीत आहे."

"आणि ती कुणाच्या ताब्यात आहे?"

"माझ्या."

वर्षाराणीच्या मागं कोकरू ओरडलं, ते या वेळी रणधीर सरांनी ऐकून घेतलं.

"लई शानी हैस तू," ते शेवटी म्हणाले.

वर्षाराणीला बरं वाटलं. माणूस निदान कळंबपर्यंत तरी आला होता.

फोनांची गर्दी तिनं दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली. आता कोकरं पाळीपाळीनं फोन लावतात, माणसाला एकच. कोंडीरामनं यावर नाराजी कळवली असून पूर्वीची सेवा चालू करण्याची मागणी केली आहे. रणधीर सर यादी हातानं बदलता येते का हे अजून शोधतायत. तोवर कंपनीनं पत्र पाठवलं की काळतोंडी नावाचा सर्व्हर कोणत्याही नोंदीत आढळत नाही, सबब तो कधी नव्हता, आणि संबंधितांनी यापुढं त्याचा उल्लेख करू नये.

वर्षाराणीनं पत्र वाचलं, आईला वाचून दाखवलं, आणि पाइपलाइनीतूनच उत्तर पाठवलं:

'प्रति,
मा. मनुष्यबळ विभाग, भावबोल, पुणे.

विषय: काळतोंडी (कधीही अस्तित्वात नसलेली) हिला मागील तारखेपासून सेवेत कायम करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, काळतोंडी ही कंपनीत कधीच नव्हती हे आपले म्हणणे अर्जदारास पूर्णपणे मान्य आहे. तथापि, ती नसताना तिने केलेल्या कामाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन तिला रुजू दिनांकापासून कायम करण्यात यावे, गत गुरुवारी सकाळी सन्मानाने निवृत्त करण्यात यावे, आणि तिच्या पश्चात कामावर असलेल्या सर्व कोकरांना दरवर्षी काही दिवस जळकोटच्या माळावर मोकळे चरण्यास सोडण्याचा लेखी करार उभय बाजूंच्या मानकऱ्यांनी समोरासमोर बसून करावा. करारास येणाऱ्यांनी जेवून येऊ नये, इकडे व्यवस्था केली आहे.

मंजुरीसाठी दोन अंगठे आवश्यक आहेत. पैकी एक सोबत जोडला आहे. उर्वरित एक वाचून मिळावा, ही नम्र विनंती.'